वाटाण्याचा वेल

सन १९१२ मधील गोष्ट. मुंबईतील एका घरात एक विलक्षण प्रयोग चालला होता. मातीच्या कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरलेले होते आणि त्या कुंडीसमोर, लाकडी तिकाटण्यावर, एक नवाकोरा कॅमेरा उभा होता. चाळिशी उलटलेला एक गृहस्थ दररोज त्या कुंडीपाशी येई, कॅमेऱ्याचा दांडा किंचित फिरवी आणि पुन्हा दुसऱ्या कामाला लागे. ना कॅमेरा जागचा हले, ना कुंडी. शेजारपाजारच्यांना यात वेडेपणाखेरीज काही दिसत नसल्यास नवल नाही. परंतु त्या गृहस्थाला त्या वाटाण्याकडून फार मोठे काम करून घ्यायचे होते. सावकाराच्या तिजोरीचे कुलूप त्याला वाटाण्याच्या कोंबाने उघडायचे होते.

हे गृहस्थ म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. पुढे सारा देश त्यांना दादासाहेब फाळके या नावाने ओळखू लागला.

दादासाहेबांचा जन्म नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे ३० एप्रिल १८७० रोजी झाला. त्यांचे वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे विद्वान होते. मुलाने आपली शास्त्राध्ययनाची परंपरा चालवावी अशी त्यांची अपेक्षा असावी. परंतु धुंडिराजाचा ओढा चित्रे, सोंगे आणि हस्तकौशल्य यांकडे होता. पुढे दाजीशास्त्र्यांना मुंबईच्या महाविद्यालयात अध्यापकाची जागा मिळाली आणि फाळके कुटुंब मुंबईस आले. धुंडिराजाला हे स्थलांतर चांगलेच मानवले. सन १८८५ मध्ये तो सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. तेथून बडोद्याच्या कलाभवनात जाऊन त्याने चित्रकला व छायाचित्रण या कलांचा अभ्यास केला. नाटकाचे पडदे रंगविणे, साचे घडविणे, जादूचे खेळ करणे, जे जे हाताने करता येईल ते ते शिकून घेण्याचा त्याला छंदच होता.

पोटासाठी दादासाहेबांनी अनेक उद्योग केले. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रांचा व्यवसाय मांडला; पण प्लेगच्या साथीत पत्नी व मूल दगावले आणि ते गाव सुटले. सन १९०२ मध्ये त्यांनी दुसरा विवाह केला. या पत्नी म्हणजेच सरस्वतीबाई. त्यांचे नाव या कथेत पुन्हा पुन्हा येणार आहे. पुढे पुराणवस्तू खात्यात काही काळ नोकरी केल्यावर, स्वदेशीच्या चळवळीचे वारे वाहू लागताच ती त्यांनी सोडली आणि छापखाना काढला. सन १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रे पाहण्यासाठी ते जर्मनीसही जाऊन आले. छापखाना नावारूपाला आला, पण भागीदारांशी त्यांचे पटेना. एके दिवशी ते त्यातून रिकाम्या हाताने बाहेर पडले. भागीदारांशी न पटणे हा त्यांच्या आयुष्यातील एक दोषच म्हणावा लागेल, कारण पुढेही त्याने त्यांची पाठ सोडली नाही.

अशा उदास दिवसांत दादासाहेबांनी मुंबईच्या एका तंबूत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्तचरित्र सरकत असताना त्यांच्या मनश्चक्षूंपुढे मात्र राम, कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती. आपल्या कथा आपल्याच माणसांनी अशा पडद्यावर का आणू नयेत, या विचाराने त्यांना झपाटून टाकले. दुसऱ्या खेळाला ते सरस्वतीबाईंनाही घेऊन गेले. त्यानंतर त्यांनी दुसरा विचार केला नाही. मिळेल तो चित्रपट पाहावा, घरी येऊन मेणबत्ती व भिंगे यांच्या साहाय्याने भिंतीवर चित्रे पाडावीत, परदेशी यंत्रांची सूचिपत्रे वाचावीत, असा क्रम रात्रंदिवस चालला. झोप अशी फारशी नसेच. डोळ्यांवर इतका ताण पडला की काही काळ त्यांची दृष्टी जवळजवळ गेली. वैद्यकीय उपचारांनी व चष्म्यांनी ती परत आली आणि दादासाहेब पुन्हा चित्रपट पाहण्यास निघाले!

या कलेचे शिक्षण हिंदुस्थानात मिळण्याची सोय नव्हती. म्हणून आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून दादासाहेबांनी पैसा उभा केला आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले. तेथे ओळखीचे कोणी नव्हते. चित्रपटविषयक एका साप्ताहिकाची पाटी दिसली, तेव्हा ते सरळ त्या कचेरीत शिरले. संपादकाने प्रथम त्यांना या धंद्यात न पडण्याचा सल्ला दिला. पण त्यांची तळमळ पाहून त्यानेच त्यांची सेसिल हेपवर्थ या चित्रपटनिर्मात्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थ यांनी वॉल्टन येथील आपल्या कलागृहाची सर्व अंगे त्यांना दाखविली. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा व फितीला भोके पाडण्याचे यंत्र यांची खरेदी करून दादासाहेब एप्रिलच्या आरंभी मुंबईस परतले. मे महिन्यात यंत्रे येऊन पोहोचली.

विद्या आली, यंत्र आले. आता हवा होता पैसा. आणि इथेच खरी अडचण होती. सावकार घरावर कर्ज देतो, सोन्यावर देतो, पिकावर देतो. या वस्तू डोळ्यांना दिसतात. चित्रपट मात्र सारा पैसा खर्च होऊन गेल्यावर दिसतो. तत्पूर्वी तो केवळ एका माणसाच्या डोक्यात असतो. त्यातून एखाद्या हिंदी माणसाने संपूर्ण कथापट तयार करून त्यात नफा मिळविल्याचे उदाहरण कोणी पाहिलेले नव्हते. दादासाहेब कितीही तळमळीने बोलले तरी ऐकणाऱ्याच्या मनात शंका राहणारच. हे त्यांनी ओळखले. शब्दांनी जे होणार नव्हते ते चित्राकडून करून घेण्याचे त्यांनी ठरविले.

परंतु चित्र तरी कशाचे घ्यावे? नट जमविण्यास पैसा नव्हता. पोशाख, पडदे यांची तर गोष्टच सोडा. तेव्हा त्यांनी असा नट निवडला की ज्याला वेतन नको, पोशाख नको आणि ज्याचा अभिनय कधी चुकायचा नाही. तो नट म्हणजे वाटाण्याचा दाणा.

या प्रयोगातील मर्म समजून घेण्यासारखे आहे. चित्रपटाच्या फितीवर लहान लहान स्थिर चित्रे एकाखाली एक असतात. मूकपटांच्या काळात साधारणपणे एका सेकंदात अशी सोळा चित्रे पडद्यावर सरकत. म्हणजे एका मिनिटाच्या खेळाला सुमारे ९६० चित्रे लागत. ही चित्रे एका मिनिटातच घेतली, तर कुंडीतील कोंब हललेलाही दिसणार नाही. पण तीच चित्रे थोडी थोडी करून महिनाभर घेत गेले आणि मग ती एका मिनिटात दाखविली, तर महिन्याची वाढ डोळ्यांदेखत होते. यात चूक मात्र खपत नाही. एखाद्या दिवशी कॅमेऱ्याला धक्का लागला किंवा दांडा फिरविण्यास विसर पडला, तर वेल पडद्यावर दचकून उडी मारील. दादासाहेबांनी महिन्याहून अधिक काळ ही उपासना सांभाळली. फितीला भोके पाडणे, अंधाऱ्या खोलीत ती रसायनांत धुणे ही कामे सरस्वतीबाईही शिकल्या होत्या.

अखेर चित्र तयार झाले. त्याला दादासाहेबांनी ‘अंकुराची वाढ’ असे नाव दिले. निवडक परिचितांना बोलावून ते दाखविण्यात आले. दाणा फुटला, कोंबाने माती सारून डोके वर काढले, पाने उलगडली आणि पाहता पाहता वेल वर चढू लागला. जेमतेम एका मिनिटाचा खेळ! परंतु निसर्ग जे गुपचूप करतो ते पाहणाऱ्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिले होते. या मंडळींत यशवंतराव नाडकर्णी हे छायाचित्रणाच्या साहित्याचे व्यापारी होते. त्यांना कॅमेऱ्याची चांगली पारख होती. हे काम किती अवघड आहे ते इतरांपेक्षा त्यांना अधिक कळले असले पाहिजे. त्यांनी कर्जाऊ रक्कम देण्याचे मान्य केले. अर्थात तेवढ्याने भागले नाही. सरस्वतीबाईंनी आपले दागिने काढून दिले. घरात लहान मुले असताना अंगावरचे सोने असे उतरवून देणे सोपे नव्हते. ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाच्या भांडवलात त्या माउलीचा वाटा कोणत्याही सावकाराहून कमी नव्हता.

‘राजा हरिश्चंद्र’चे काम दादरच्या मथुरा भवनात सुरू झाले. दत्तात्रय दामोदर दाबके हरिश्चंद्र झाले. तारामतीच्या कामाला कोणी स्त्री मिळेना, म्हणून ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात स्वयंपाकी असलेल्या अण्णा साळुंके या तरुणाला लुगडे नेसविण्यात आले. रोहिदासाचे काम दादासाहेबांचा मुलगा भालचंद्र याने केले. बाहेरची दृश्ये घेण्यासाठी मंडळी वांगणी गावी गेली, तेव्हा ढालतलवारी पाहून गावकऱ्यांना हे दरोडेखोरच वाटले आणि प्रकरण फौजदारापर्यंत गेले. दादासाहेबांनी तेथे जाऊन कॅमेरा व आपले काम प्रत्यक्ष दाखविले, तेव्हा कुठे मंडळींची सुटका झाली. सरस्वतीबाई दिवसा सर्वांचा स्वयंपाक करीत, प्रकाश परतविण्यासाठी पांढरी चादर धरून उन्हात उभ्या राहत आणि रात्री फिती धूत. सुमारे सात महिन्यांत ३,७०० फूट लांबीचा चित्रपट पुरा झाला. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात तो लोकांसमोर आला आणि लोकांनी तो उचलून धरला.

सुरतेस मात्र पहिल्या दिवशी फारसे कोणी आले नाही, असे सांगतात. तेथील प्रेक्षकांना थोडक्या पैशांत अनेक तासांचे नाटक पाहण्याची सवय होती. तेव्हा दादासाहेबांनी जाहिरात बदलली : सत्तावन्न हजार छायाचित्रे आणि दोन मैल लांबीचे चित्र, तेही अवघ्या तीन आण्यांत! दुसऱ्या दिवशी झुंबड उडाली. खरे पाहता ती फीत पाऊण मैलही भरली नसती. पण फूटपट्टी घेऊन ती मोजण्यास कोण बसले होते?

यानंतर कंपनी नाशिकला हलली. ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’ हे चित्रपट निघाले. मोठ्या चित्रपटांबरोबर दादासाहेब लहान चित्रेही घेत. आगकाड्यांची मौज त्यांनी पडद्यावर आणली. जादूच्या प्रयोगांच्या एका चित्रात त्यांनी स्वतःच प्रोफेसर केळफा हे नाव धारण केले. ते उलटे वाचले की कोडे सुटते.

सन १९१४ मध्ये आपले चित्रपट घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. तेथे त्यांची वाखाणणी झाली. इंग्लंडमध्येच राहून चित्रपट काढावेत अशी हेपवर्थ यांनी सूचना केली. परंतु हा धंदा आपल्या देशात रुजवावयाचा असा निश्चय असल्याने दादासाहेबांनी ती नाकारली. तोच ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटले. परत येऊन पाहतात तो सावकारांनी हात आखडते घेतलेले. फिती महागल्या, काम थंडावले. तीन चित्रपट यशस्वी करून दाखविलेला हा माणूस पुन्हा दारोदार पैसा मागत हिंडू लागला. लोकमान्य टिळकांनी या कामी लक्ष घातले आणि धनिकांच्या मदतीने एखादी कंपनी उभी करता येईल का ते पाहिले, पण ती योजना तडीस गेली नाही. औंध, इंदूर यांसारख्या संस्थानांतून थोडेफार साहाय्य मिळाले.

अशा वेळी दादासाहेबांना आपली जुनी युक्ती आठवली असल्यास नवल नाही. या वेळी त्यांनी कुंडीऐवजी स्वतःलाच कॅमेऱ्यासमोर उभे केले. नटांना तालीम कशी देतात, दृश्य कसे टिपतात, फीत कशी धुतात व जोडतात हे सारे दाखविणारा एक लहान चित्रपट त्यांनी तयार केला. त्याचे नाव ‘चित्रपट कसे तयार करतात’. पैसा घालणाऱ्याला आपला पैसा कोठे जातो हे दिसावे आणि या धंद्यातील कष्ट त्याला कळावेत, हा त्यामागील हेतू होता. पूर्वी त्यांनी वाटाण्याची वाढ दाखविली होती, आता चित्रपटाचीच वाढ दाखविली.

सन १९१७ मध्ये ‘लंकादहन’ प्रकाशित झाला. त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनीच केल्या होत्या. हनुमंताचे उड्डाण पाहण्यासाठी लोटलेल्या गर्दीमुळे गल्ल्याचे पैसे बैलगाडीतून न्यावे लागल्याची आख्यायिका आहे. मग चक्र उलटे फिरले. ज्यांच्या दाराशी दादासाहेब जात, त्यांच्यासारखे धनिक आता दादासाहेबांच्या दाराशी येऊ लागले. १ जानेवारी १९१८ रोजी मुंबईच्या काही भांडवलदारांच्या साहाय्याने हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. ‘श्रीकृष्णजन्म’ आणि ‘कालियामर्दन’ हे गाजलेले चित्रपट या कंपनीने काढले. त्यांत बाळकृष्ण झाली होती दादासाहेबांची कन्या मंदाकिनी. पण पैसा देणाऱ्यांना काटकसर हवी होती, हिशेब हवा होता. दादासाहेबांना हवे तसे चित्र मिळेपर्यंत खर्चाचे भान नसे. दोन्ही बाजूंचे म्हणणे आपापल्या परीने खरेच होते. अखेर दादासाहेब कंपनी सोडून काशीस गेले. काही वर्षांनी ते परत आले खरे, पण पूर्वीचे दिवस आले नाहीत. बोलपटांच्या युगात त्यांनी ‘गंगावतरण’ हा एकच बोलपट दिग्दर्शित केला. तो सन १९३७ मध्ये कोल्हापूर सिनेटोनसाठी काढलेला होता. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले.

दादासाहेबांच्या बहुसंख्य चित्रपटांच्या फिती काळाच्या ओघात नष्ट झाल्या. ‘चित्रपट कसे तयार करतात’ या लहान चित्रपटाचा काही भाग मात्र वाचला आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पोहोचला. त्यात दादासाहेब आपल्या कामात गढून गेलेले दिसतात. हातात फितीची पट्टी आहे. ती उजेडाकडे धरून ते एकेक चित्र निरखीत आहेत.