दाव्यावरील पहिले नाव

शाळेच्या कारभाराविषयी पालकांनी तोंड उघडावयाचे तर पाठीशी कोणी वजनदार पुढारी हवा, असा समज आपल्याकडे दृढ आहे. ऑलिव्हर ब्राऊन यांच्या अंगी पुढारीपणाचे काहीच नव्हते. १९१८ साली अमेरिकेतील कॅन्सस राज्यातील टोपीका शहरी जन्मलेले हे कृष्णवर्णीय गृहस्थ रेल्वेच्या कारखान्यात वेल्डर होते आणि आपल्या चर्चमध्ये सहायक धर्मोपदेशकाचे काम पाहात.

१८७९ च्या कायद्यान्वये त्या राज्यातील मोठ्या शहरांना प्राथमिक शाळा वर्णवार वेगळ्या ठेवण्याची मुभा होती. टोपीकात कृष्णवर्णीयांसाठी अशा चारच शाळा. ब्राऊन यांची सात वर्षांची कन्या लिंडा रेल्वेच्या रुळांमधून वाट काढीत बसथांबा गाठी व तेथून मैलभर दूरच्या मन्रो शाळेत जाई. गोऱ्यांची सम्नर शाळा घरापासून कितीतरी जवळ होती. मन्रो शाळा निकृष्ट नव्हती, शिक्षकही चांगले होते, आणि म्हणूनच हा लढा आम्हांस विशेष वाटतो. पालकांची तक्रार गळक्या छपराविषयी नव्हती. मुलांच्या कपाळी मारलेल्या शिक्क्याविषयी होती.

कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या राष्ट्रीय संघटनेच्या स्थानिक शाखेचे अध्यक्ष मॅकिन्ली बर्नेट यांनी शिक्षण मंडळाचे उंबरठे दोन वर्षे झिजविले. दाद लागेना, तेव्हा तेरा पालक पुढे आले. १९५० मध्ये त्यांनी मुलांचे हात धरून जवळच्या गोऱ्या शाळांत प्रवेश मागितला, नकार मिळाला. २८ फेब्रुवारी १९५१ रोजी दावा दाखल झाला. तेरा जणांत ब्राऊन हेच एकटे पुरुष, बाकीच्या बारा माता. वर्णानुक्रमाने ब्राऊन यांचे नाव प्रथम आले असे सांगतात. पण मग डार्लीन ब्राऊन या बाईंचे नाव त्यांच्या आधी यावयास हवे होते! इतिहासाने पित्याचे नाव तेवढे उचलले.

जिल्हा न्यायालयात पालक हरले. १९५३ मध्ये मंडळाने काही कृष्णवर्णीय शिक्षकांना पुढील नेमणूक मिळणार नाही असे कळविले. लढ्याची झळ अशी भलत्यांनाही बसली. अखेर १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अन्य राज्यांतील तशाच दाव्यांसह निकाल देऊन वर्णवार शाळा एकमताने घटनाबाह्य ठरविल्या. तोवर लिंडा प्राथमिक शाळा ओलांडून गेली होती.

ब्राऊन २० जून १९६१ रोजी निवर्तले. वय अवघे बेचाळीस. १९७९ मध्ये तोच दावा पुन्हा न्यायालयापुढे आला. शहरातील शाळांत वर्णवार विभागणी अद्याप उरली आहे, अशी तक्रार घेऊन आलेल्या पालकांत या खेपेस लिंडाही होती.