ब्याऐंशीव्या वर्षी नवा डाव

मैत्रिणींनो, आज ओळख करून द्यायची आहे ती अल्बर्टा हंटर या गायिकेची. अमेरिकेतल्या जॅझ आणि ब्लूज संगीतात तिचं नाव मोठं, पण तिच्याच काळातल्या बेसी स्मिथइतकं ते सर्वतोमुखी झालं नाही.

तिचा जन्म १ एप्रिल १८९५चा, मेम्फिसमधला. कृष्णवर्णीय गरीब घर. वडील सोडून गेलेले, आई मोलकरणीचं काम करायची. गाऊन पैसे मिळवायचे म्हणून ही मुलगी कोवळ्या वयात शिकागोला पळून गेली. दिवसा एका ठिकाणी राबून बटाटे सोलायचे आणि रात्री क्लबच्या मालकांकडे गाण्याची संधी मागत फिरायचं, असे दिवस तिनं काढले. पुढे नाव झालं, तेव्हा आईलाही आपल्याजवळ आणलं.

१९२२ मध्ये तिनं ‘डाउनहार्टेड ब्लूज’ गायलं. शब्द तिचे, चाल लव्ही ऑस्टिन या पियानोवादक बाईंची. पुढच्या वर्षी तेच गाणं बेसी स्मिथनं गायलं आणि त्या रेकॉर्डच्या लाखो प्रती खपल्या. हक्काचे पैसे मात्र दुसऱ्यानंच परस्पर लाटले. तरी अल्बर्टा खचली नाही. १९२८ मध्ये लंडनला ‘शो बोट’ या संगीत नाटकात तिनं पॉल रॉबसनबरोबर काम केलं, दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी गात फिरली.

१९५०च्या दशकात आई गेली आणि तिचं गाण्यावरून मनच उडालं. साठीच्या आसपासच्या या बाईनं आपलं वय बारा वर्षांनी कमी सांगितलं, शाळेचं नसलेलं प्रमाणपत्र आहे असं दाखवलं आणि नर्सिंग शिकली. खोटं बोलणं चांगलं नव्हे, हे कबूल. पण खरं वय सांगितलं असतं, तर तिला दारात तरी उभं केलं असतं का? मी वस्तीत काम करते, तिथे रुग्णसेवा शिकायची इच्छा असलेल्या चाळिशीतल्या कितीतरी जणी भेटतात. आता या वयात कशाला, असं आधी घरचेच विचारतात आणि उरलेलं काम अर्जावरची वयाची अट करते. त्यामुळे अल्बर्टाला दोष देताना माझी जीभ जरा अडखळते.

न्यूयॉर्कच्या गोल्डवॉटर मेमोरियल हॉस्पिटलमध्ये तिनं जवळजवळ वीस वर्षं रुग्णांची सेवा केली. मध्ये १९६१ मध्ये थोडं ध्वनिमुद्रण केलं, तेवढंच. १९७७ मध्ये हॉस्पिटलनं तिला निवृत्त केलं, कारण कागदोपत्री ती सत्तरीची झाली होती. खरं वय होतं ब्याऐंशी!

आता घरी बसून करायचं काय? त्याच वर्षी बार्नी जोसेफसन यांनी तिला ग्रीनिच व्हिलेजमधल्या आपल्या ‘द कुकरी’मध्ये गायला बोलावलं. ठरलं होतं थोड्या दिवसांचं, पण लोकांची एवढी गर्दी झाली की ते गाणं पुढे कित्येक वर्षं चाललं.

१९८० मध्ये तिचा ‘अ‍ॅमट्रॅक ब्लूज’ हा अल्बम आला. पियानोवर जेराल्ड कुक, ट्रम्पेटवर डॉक चीथम. ‘स्वीट जॉर्जिया ब्राऊन’, आयर्विंग बर्लिन यांचं ‘ऑल्वेज’ अशी किती जणांनी गायलेली जुनी गाणी त्यात आहेत. आवाज आता घोगरा, जाडसर झालेला, पण शब्द न् शब्द स्वच्छ. चावट गाणं आलं की मिश्कीलपणाही भरपूर. ‘ऑल्वेज’ म्हणजे जन्मभराच्या सोबतीचं वचन. तरुण गळ्यातून ते गोड वाटतं. इतकी वर्षं आजाऱ्यांच्या उशाशी काढलेल्या बाईच्या तोंडून ऐकताना मला ते खरं वाटतं. मधली वीस वर्षं वाया गेली, असं म्हणवत नाही.

१७ ऑक्टोबर १९८४ रोजी, वयाच्या ८९व्या वर्षी ती गेली. २०११ मध्ये ‘ब्लूज हॉल ऑफ फेम’मध्ये तिचं नाव लागलं.

आपण संसारात, दुसऱ्यांच्या आजारपणात गुंतलो की आपलं काहीतरी कायमचं मागे राहिलं असं धरून चालतो. ते मागे राहिलेलं एकदा उघडून तर पाहा. आणि दुसरी कुणी उघडू पाहत असेल, तर निदान तिला वय विचारू नका.