ललिता पवार आणि ऐन तारुण्यातला लकवा

दूरदर्शनवरच्या ‘रामायण’ मालिकेतील मंथरा आठवते? तिचा तो बारीक झालेला डावा डोळा मेकअपची करामत असावा, असे अनेकांना वाटे. प्रत्यक्षात ती एका जुन्या दुखापतीची खूण होती.

ललिता पवार यांचा जन्म १८ एप्रिल १९१६ रोजी नाशिक जिल्ह्यातील येवल्याचा. मूळ नाव अंबिका. मूकपटांच्या काळात त्या बालकलाकार म्हणून आल्या आणि पुढे नायिका झाल्या. १९४२ मध्ये ‘जंग-ए-आजादी’च्या चित्रीकरणात थप्पड मारण्याचा एक प्रसंग होता. पुढे ‘अलबेला’मुळे गाजलेले भगवान यांचा हात चुकून जोरात बसला. ललिताबाईंच्या डाव्या डोळ्यातील रक्तवाहिनी फुटली आणि चेहऱ्याला लकवा आला. तेव्हा त्या अवघ्या २६ वर्षांच्या होत्या. उपचार सुमारे तीन वर्षे चालले. डोळा अधू राहिला तो कायमचा.

तोंड वाकडे होण्याची मुख्य कारणे दोन. एक, चेहऱ्याच्या नसेला इजा किंवा सूज. यात त्या बाजूचे कपाळही आक्रसत नाही. दुसरे, मेंदूचा रक्तपुरवठा अडणे, म्हणजे पक्षाघात. यात बहुधा कपाळ हलते, पण हात-पाय लुळा पडतो किंवा बोलणे अडखळते. हा फरक ओळखण्याचे काम डॉक्टरांचे. घरी त्यावर वेळ घालवू नये. मारामुळे मानेला जोराचा हिसका बसला, तर तिथल्या धमनीचे आतले अस्तर फाटून गुठळी तयार होऊ शकते. तरुणांमधील पक्षाघाताचे हे एक महत्त्वाचे कारण आहे. म्हणून अपघातानंतर मान दुखत राहिली आणि सोबत चक्कर किंवा अशक्तपणा आला, तर दुर्लक्ष नको.

आपल्या भंडारा जिल्ह्यात आणखी काही कारणे ध्यानात ठेवायला हवीत. पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. या आजारात मेंदूच्या रक्तवाहिन्या अरुंद होतात आणि लहान मुलांनाही पक्षाघात होऊ शकतो. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने खराब झालेल्या हृदयाच्या झडपेतून गुठळी मेंदूत जाते. बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते. त्यात न तपासलेला रक्तदाब, मधुमेह, बिडी-सिगारेट आणि खर्रा यांची भर. तिशीतल्या माणसाला बीपी मोजायला सांगितले, की तो हसतो. मला या हसण्याचीच भीती वाटते.

तरुण माणसाचा हात अचानक लुळा पडला, तर रोवणीचा थकवा असेल, झोपून उठल्यावर बरे वाटेल, असे घरचे म्हणतात. मग मालिश होते, झाडपाला होतो आणि रुग्ण दुसऱ्या दिवशी आमच्याकडे येतो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे पाहूनच. तेव्हा तोंड वाकडे, हात लुळा, बोबडी वळलेली, यांतले एक जरी अचानक दिसले, तरी रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी होता ती वेळ लक्षात ठेवा, १०८ ला फोन करा आणि तोंडाने पाणी किंवा गोळी देऊ नका.

आणि त्यानंतर? ललिताबाई घरी बसल्या नाहीत. नायिकेची कामे सुटली, तशी त्यांनी चरित्र भूमिकांची वाट धरली. ‘श्री ४२०’मधील केळेवाली गंगामाई, ‘अनाडी’मधील मिसेस डिसा, कितीतरी खाष्ट सासवा. ‘अनाडी’साठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, तर १९६१ मध्ये संगीत नाटक अकादमीचा सन्मान. २४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. थप्पडेनंतर त्या अर्धशतकाहून अधिक काळ जगल्या आणि त्यातील बहुतेक वर्षे कॅमेऱ्यासमोर होत्या.

तरुण मेंदूत सावरण्याची ताकद जास्त असते. व्यायाम आणि फिजिओथेरपी नेटाने केली, तर पक्षाघात झालेले अनेक तरुण पुन्हा कामाला लागतात. मात्र त्यासाठी त्यांना वेळेत दवाखान्यात पोहोचवायला हवे.