विषाची साखळी उलगडणाऱ्या रेचल कार्सन

चिलटे मारण्यासाठी सोडलेल्या औषधाने पाणपक्षी का मरावेत? या प्रश्नाचे उत्तर सर्वसामान्यांपर्यंत पोहोचवणाऱ्या रेचल कार्सन यांचा जन्म २७ मे १९०७ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात झाला. प्राणिशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षण १९३२ मध्ये पूर्ण झाले. मात्र कुटुंबाचा भार अंगावर पडल्याने संशोधन सोडून त्यांनी सरकारी मत्स्य खात्यात नोकरी पत्करली. सागरावरील लेखनाने त्यांना १९५१ मध्ये कीर्ती मिळवून दिली.

कॅलिफोर्नियातील क्लिअर लेक सरोवरात डीडीटीच्या जातकुळीतील डीडीडी हे रसायन अत्यल्प प्रमाणात सोडण्यात आले होते. पाण्यातून ते प्लवकांत, तेथून माशांत आणि मासे खाणाऱ्या पक्ष्यांच्या चरबीत साठत गेले. अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर त्याची मात्रा वाढली आणि अखेर पक्षी मृत्युमुखी पडले. अशी अनेक उदाहरणे कार्सन यांनी १९६२ मध्ये ‘सायलेंट स्प्रिंग’ या ग्रंथात मांडली.

रसायन उद्योगाने त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. त्या वेळी त्या कर्करोगाशी झुंजत होत्या. विरोधकांच्या हाती कोलीत मिळू नये म्हणून त्यांनी हा आजार जगापासून लपवला आणि १९६३ मध्ये सिनेटच्या समितीपुढे साक्षही दिली. अध्यक्ष केनेडी यांच्या विज्ञान सल्लागार समितीनेही त्यांच्या प्रतिपादनाला बव्हंशी दुजोरा दिला.

१४ एप्रिल १९६४ रोजी वयाच्या अवघ्या ५६व्या वर्षी त्यांचे निधन झाले. अमेरिकेत शेतीसाठी डीडीटी वापरण्यावर १९७२ मध्ये बंदी आली. ती पाहण्यास त्या हयात नव्हत्या.