विकरांच्या अभ्यासक कमलाबाई सोहोनी

भाकरीचा घास बराच वेळ चावत राहिलो, की तो गोड लागू लागतो. आज जेवताना करून पाहा! आपल्या लाळेतील एक पदार्थ पिठाची साखर करतो. अशा पदार्थांना विकर म्हणतात. विकर स्वतः खर्च होत नाही. पण दुसऱ्या पदार्थाचे रूप झटपट बदलते. आज औषधांच्या कारखान्यांत एका विकराच्या साह्याने पेनिसिलीनचा रेणू तोडतात. त्याच्या एका तुकड्यापासून ॲमॉक्सिसिलीन तयार करतात. ते प्रतिजैविक आहे, म्हणजे रोगजंतूंचा नाश करणारे औषध.

कमलाबाईंनी औषधे बनवली नाहीत. आपल्या रोजच्या अन्नात विकरांचे काम कसे चालते, हे त्यांनी शोधले.

त्यांचा जन्म 1911 साली इंदूरला झाला. माहेरचे आडनाव भागवत. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या बहीण. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. 1933 साली कमलाबाई मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम गुणांनी मिळवून बंगळूरच्या विज्ञान संस्थेत गेल्या. संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिक मिळवणारे सर सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून त्यांनी कमलाबाईंना प्रवेश नाकारला. एवढ्या मोठ्या माणसापुढे कोण बोलणार? पण कमलाबाई हटल्या नाहीत. त्यांनी नकाराचे कारण विचारले, सत्याग्रह करण्याचीही तयारी दाखवली. शेवटी प्रवेश मिळाला, तोही अटींवर. पहिले वर्ष केवळ परीक्षेचे होते. हा अपमान त्या कधी विसरल्या नाहीत. मात्र त्यांचे काम पाहून रामन यांचे मत बदलले आणि पुढे इतर मुलींनाही तेथे प्रवेश मिळू लागला.

तेथे श्रीनिवासय्या या गुरूंच्या हाताखाली त्यांनी दूध व डाळी यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. नंतर त्या इंग्लंडला केंब्रिज विद्यापीठात गेल्या. सजीवांच्या पेशी श्वसन करतात, त्या कामात सायटोक्रोम सी नावाचे प्रथिन लागते. बटाट्यावर प्रयोग करताना ते वनस्पतींच्या पेशींतही असते, असे कमलाबाईंना दिसून आले. साधा बटाटा, पण शोध केवढा! 1939 साली त्यांना पीएच.डी. मिळाली. त्यांचा प्रबंध अगदी लहान होता.

त्या मायदेशी परतल्या. दिल्ली व कुन्नूर येथे काम करून, लग्नानंतर त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाल्या. तेथे विद्यार्थ्यांसह त्यांनी कडधान्ये तपासली. आपल्या पोटात ट्रिप्सिन नावाचे विकर प्रथिने पचवते. कच्च्या कडधान्यांतील काही पदार्थ या विकराला अडवतात. मेडशीच्या परिसरात पिकणाऱ्या सोयाबीनमध्येही असे पदार्थ असतात. नीट शिजवल्यावर त्यांचा जोर बराच कमी होतो. म्हणूनच आई डाळ चांगली शिजू देते. कारण माहीत नसले तरी तिचे बरोबरच असते!

ताडाच्या ताज्या रसाला नीरा म्हणतात. गरीब, कुपोषित मुलांना नीरा उपयोगी पडते का, हेही कमलाबाईंनी तपासले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. पुढे त्या संस्थेच्या संचालकही झाल्या, पण हे पद त्यांना फार उशिरा मिळाले. निवृत्तीनंतर ग्राहकांच्या संघटनेत काम करून त्यांनी अन्नातील भेसळीविषयी लोकांना सावध केले.

1998 साली दिल्लीत त्यांचा सत्कार ठेवला होता. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांचे निधन झाले.