बॅटरीतला कमजोर सेल व्होल्टालाही छळायचा!

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये किंवा डोंबिवली एमआयडीसीत लाइट गेली की यूपीएसच्या बॅटऱ्या कामाला लागतात. बॅटरी पॅकमध्ये अनेक सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात. त्यातला एक जरी कमजोर निघाला, तरी अख्खा पॅक मान टाकतो. ही कटकट जगातल्या पहिल्या बॅटरीपासूनची आहे.

ती बनवणारा अलेस्सांद्रो व्होल्टा १७४५ मध्ये इटलीतल्या कोमो इथे जन्मला. पुढे तो पाविया विद्यापीठात प्राध्यापक झाला. मेलेल्या बेडकाचे पाय झटकतात ते प्राण्यातल्या विजेमुळे, असं गॅल्वानीचं म्हणणं होतं. व्होल्टाला ते पटेना. वीज दोन वेगळ्या धातूंमुळे येते, यावर तो अडून बसला. १८०० मध्ये त्याने जस्त आणि चांदीच्या चकत्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, अशी चळत रचली. बेडूक नाही, तरी वीज!

पण वरच्या वजनाने खालचे पुठ्ठे पिळले जायचे, पाणी गळायचं आणि चळतीचा जोर ओसरायचा. क्रुकशँकने मग सगळी मांडणी लाकडी पेटीत आडवी केली.

नेपोलियनने व्होल्टाला काउंट केलं. १८२७ मध्ये तो गेला.

आता लिथियम पॅकमध्ये गळतीचा प्रश्न नाही, पण सेल मागेपुढे होतातच. एक आधी भरला की चार्जिंग थांबवावं लागतं आणि बाकीचे अर्धवट राहतात. म्हणून बीएमएस नावाचं सर्किट भरलेल्या सेलमधली जादा वीज छोट्या रेझिस्टरमधून उष्णता म्हणून घालवतं. सेलमधला हा फरक मोजतात मिलिव्होल्टमध्ये, म्हणजे व्होल्टाच्याच नावाने.