अँटीबॉडीला चमक देणारा डॉक्टर : अल्बर्ट कून्स आणि तुमचा एएनए रिपोर्ट

सांधेदुखी, सततचा थकवा किंवा चेहऱ्यावरील चट्टे यांसाठी डॉक्टरांनी तुम्हाला एएनए तपासणी लिहून दिली असेल, तर रिपोर्टवर आयएफए ही अक्षरे तुम्ही पाहिली असतील. त्यांचा अर्थ इनडायरेक्ट इम्युनोफ्लोरेसन्स. या पद्धतीमागे एका अमेरिकन डॉक्टरचे आयुष्यभराचे काम आहे. ते समजले की स्वतःचा रिपोर्ट वाचणेही सोपे जाते.

एका तापामुळे सुचलेली कल्पना

अल्बर्ट कून्स यांचा जन्म 28 जून 1912 रोजी न्यूयॉर्क राज्यातील ग्लोव्हर्सव्हिल येथे झाला. 1937 मध्ये ते हार्वर्डमधून डॉक्टर झाले. 1939 च्या उन्हाळ्यात ते बर्लिनला गेले असताना ऱ्हुमॅटिक तापाचा प्रश्न त्यांच्या डोक्यात घोळत होता. घशातील स्ट्रेप्टोकोकस जंतूच्या संसर्गानंतर काही मुलांना हा ताप येतो आणि हृदयाच्या झडपा खराब होतात. आपल्याकडे हा आजार आजही दिसतो. अशा हृदयात आशॉफ गाठी सापडतात. त्या गाठींमध्ये जंतूचे अंश असतात का, हे कून्स यांना पाहायचे होते.

अँटीबॉडी नेमक्या आपल्याच लक्ष्याला चिकटते, पण ती सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. मग तिला दिसेल अशी खूण का जोडू नये? साधा रंग जोडण्याचा प्रयोग जॉन मॅरॅक यांनी आधी केला होता, पण तो रंग ऊतींमध्ये दिसण्याइतका गडद नव्हता. म्हणून कून्स यांनी अतिनील प्रकाशात चमकणारे रसायन निवडले.

निळ्याकडून हिरव्याकडे

हार्वर्डमधील रसायनतज्ज्ञांच्या मदतीने त्यांनी आधी अँथ्रासीनचे संयुग अँटीबॉडीला जोडले. न्यूमोकोकस जंतू निळे चमकले आणि 1941 मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. मात्र ऊतींची स्वतःची चमकही निळसर असते, त्यामुळे खरी खूण तिच्यात हरवत असे. मग त्यांनी हिरवे चमकणारे फ्लोरेसीन वापरले. ते जोडण्यायोग्य करण्यासाठी फॉस्जीन हा विषारी वायू हाताळावा लागे. 1942 मध्ये ऊतींमधील न्यूमोकोकसचे अंश या पद्धतीने दिसले. त्यानंतर दुसऱ्या महायुद्धात ते दक्षिण पॅसिफिकमध्ये लष्करी सेवेत होते, आणि प्रयोग थांबले. परत आल्यावर त्यांनी पुन्हा हार्वर्डमध्ये काम सुरू केले. 1950 मध्ये मेल्विन कॅप्लान यांच्यासोबत त्यांनी सुधारित पद्धत मांडली.

दुसऱ्या अँटीबॉडीची युक्ती

अडचण अशी होती की प्रत्येक जंतूसाठी वेगळी अँटीबॉडी घेऊन तिला वेगळी खूण जोडावी लागे. 1954 मध्ये थॉमस वेलर आणि कून्स यांनी कांजिण्या व नागीण यांच्या विषाणूंवर वेगळी वाट वापरली. विषाणू वाढलेल्या पेशींवर त्यांनी आधी या आजारांतून बरे झालेल्या रुग्णांचे सीरम घातले. त्यातल्या अँटीबॉडींना खूण नव्हती. मग मानवी अँटीबॉडीलाच चिकटणारी, फ्लोरेसीन लावलेली दुसरी अँटीबॉडी वापरली. हीच सेकंडरी अँटीबॉडी.

याचे दोन फायदे झाले. एकच चमकणारी अँटीबॉडी कोणत्याही रुग्णाच्या सीरमसाठी चालते. शिवाय एका पहिल्या अँटीबॉडीवर अनेक दुसऱ्या बसतात, त्यामुळे चमक वाढते. 1958 मध्ये इतर संशोधकांनी फ्लोरेसीन आयसोथायोसायनेट हे हाताळायला सोपे संयुग आणले आणि पद्धत जगभर पसरली. 1959 मध्ये कून्स यांना लास्कर पुरस्कार मिळाला. 30 सप्टेंबर 1978 रोजी त्यांचे निधन झाले.

आशॉफ गाठींचे उत्तर मात्र त्यांना वाटले तितके सरळ निघाले नाही. जंतूविरुद्ध उभी राहिलेली प्रतिकारशक्ती हृदयाच्या ऊतींवरही हल्ला करते, असे आज मानले जाते.

तुमच्या रिपोर्टमध्ये काय घडते?

एएनए तपासणीत हीच युक्ती असते. काचपट्टीवरील मानवी पेशींवर तुमचे पातळ केलेले सीरम घालतात. पेशींच्या केंद्रकाला चिकटणाऱ्या अँटीबॉडी असतील तर त्या तिथे बसतात. पट्टी धुऊन चमकणारी सेकंडरी अँटीबॉडी घालतात, पुन्हा धुतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. 1:80 किंवा 1:160 हा आकडा म्हणजे सीरम किती पातळ केल्यावरही चमक दिसली, त्याचे माप.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. चमक फक्त एवढेच सांगते की काहीतरी चिकटले आहे. सेकंडरी अँटीबॉडी स्वतःच चुकीच्या जागी बसू शकते, म्हणून चांगली प्रयोगशाळा पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह कंट्रोल सोबत ठेवते. संशोधनात पहिली अँटीबॉडी न घालता फक्त दुसरी घातलेली पट्टीही तपासतात.

आणि खरी चमक म्हणजेही आजार नव्हे. 1:40 ला सुमारे 30 टक्के, तर 1:160 ला सुमारे 5 टक्के निरोगी व्यक्तींमध्येही एएनए पॉझिटिव्ह येऊ शकते. त्यामुळे केवळ आकडा पाहून ल्युपस झाला असे समजून घाबरू नका, आणि मनाने औषधे सुरू करू नका. पण सांधे सुजणे, उन्हाने चट्टे येणे, तोंडात वारंवार व्रण होणे किंवा लघवीत फेस येणे अशी लक्षणे असतील, तर रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना लवकर भेटा. रिपोर्टचा अर्थ लक्षणांसोबतच लावायचा असतो.